दीड वर्षात बोटभराचा मासा दोन फुटांचा झालाय, आता काय करू? (इंदूर)

गंजकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आम्ही स्नेहलतागंजात राहतो. दीड वर्षापूर्वी चिरंजीवांच्या वाढदिवसाला फिश टँक आणला, चार फुटी. दुकानदाराने गोल्डफिश, निऑन टेट्रा वगैरे पिशवीत भरले आणि वर एक बोटभर लांबीचा, पेन्सिलीसारखा, पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत फिकट पट्टा असलेला मासा दाखवला, म्हणाला "क्रोकोडाइल फिश है भैया, बच्चे को मज़ा आएगा, जितनी टंकी उतना ही बढ़ेगा." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

पंधरा दिवसांत टेट्रा संपले. बायकोला वाटलं मेलेले मी काढून टाकले, मला वाटलं तिने. मग गोल्डफिश कमी व्हायला लागले तेव्हा आम्ही मांजरीवर आळ घेतला.

पुढची गंमत म्हंजे आईला रात्री झोप लागेना, तिची खोली हॉलला लागून, म्हणे स्वयंपाकघरातला नळ गळतोय, टप्... मग बराच वेळ काही नाही, मग परत टप्. प्लंबर आला, वॉशर बदलून पैसे घेऊन गेला, तरी टप् चालूच. शेवटी एक दिवस मी रात्री दोनला टॉर्च घेऊन बसलो तर हे महाराज! तळाशी ओंडक्यासारखे पडलेले, हळूच वर आले, चोच पाण्याबाहेर काढली, टप् करून हवेचा घोट घेतला, कल्ल्यातून दोनचार बुडबुडे सोडले आणि परत खाली जाऊन ओंडका. मासा हवा पितो हे मला चाळिशीत कळलं.

आता तो दोन फुटांचा आहे. टँकची रुंदी सव्वा फूट, त्यामुळे वळताना नाक काचेला घासून लाल झालंय, बघवत नाही. आईचं म्हणणं अनंत चतुर्दशीला आपला गणपती जातो तसा यालाही सिरपूर तलावात सोडून द्या, मुका जीव मोकळा होईल, पुण्य लागेल. मेहुणा म्हणतो यशवंत सागरला सोड, मोठा आहे. मी हो म्हणणारच होतो, पण ऑफिसातला एक जण म्हणाला आधी नीट माहिती काढ, म्हणून इथे विचारतोय.

---

कांदेनवमी

पहिल्याच धाग्यात मांजरीवर अन्याय. निषेध!

---

गोड्यापाण्यातला

गंजकर, सोडू नका. आधी हे लिहितो, बाकी नंतर वाचा. सिरपूर नाही, यशवंत सागर नाही, पिपल्यापाला नाही, बिलावली नाही, शेतातल्या विहिरीतसुद्धा नाही.

तुमच्या वर्णनावरून हा अ‍ॅलिगेटर गार आहे. लहानपणचा तो पाठीवरचा पट्टा ही त्याची ओळखच. 'गार' म्हंजे थंडगारमधला गार नव्हे, जुन्या इंग्रजीत भाल्याला गार म्हणायचे, त्यावरून. मूळ गाव अमेरिकेत मिसिसिपी नदीचं खालचं खोरं, टेक्सास, लुइझियाना, आणि समुद्राच्या कडेकडेने खाली मेक्सिकोत व्हेराक्रूझपर्यंत. शास्त्रीय वर्णन १८०३ चं, लासेपेद या फ्रेंच माणसाने केलेलं. गार एकूण सात जातींचे आहेत आणि त्यात हा सगळ्यात मोठा. २०११ मध्ये मिसिसिपी राज्यात एका मच्छीमाराच्या जाळ्यात सापडला तो साडेआठ फुटांना इंचभर कमी, वजन १४८ किलो, आणि वयाचा अंदाज नव्वदीच्या पुढचा! तेव्हा 'जितकी टंकी तितकाच वाढेल' हे दुकानदाराला सांगा. टंकी लहान असली की मासा लहान राहत नाही, त्याचा कणा वाकडा होतो.

नाक का घासतं त्याचंही कारण आहे. त्याच्या अंगावर हात फिरवून बघा (शेपटीकडून धरा, तोंडाकडून नको). रोहू-कतल्याचे खवले असतात ना, नखाने निघणारे, तसं काही लागणार नाही. हे शंकरपाळ्याच्या आकाराचे हाडाचे तुकडे आहेत, वरून दातावर असतं तसल्या चकचकीत कठीण पदार्थाचा थर, त्याला गॅनॉइन म्हणतात, आणि एका तुकड्याची खुंटी शेजारच्या तुकड्याच्या खाचेत बसवलेली. कौलं एकमेकांत अडकवतात तसं. अमेरिकेतले मूळ रहिवासी या खवल्यांची बाणांची टोकं करायचे, नंतर आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी लाकडी नांगरावर हे कातडं चढवल्याच्याही नोंदी आहेत. आता एवढं चिलखत घातल्यावर अंग वाकणार कसं? लांबच लांब वळण घेऊन वळणारी बस आहे ती, आणि तुम्ही तिला बोळात लावलीय.

---

रामबागवाली

बापरे. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये पण आहे असला एक. त्यांच्या टँकमध्ये एक काळा, अंगावर काटे असलेला, काचेला चिकटणारा पण आहे, तो पण हाच का?

---

गोड्यापाण्यातला

नाही ताई, तो सकर. चिलखत त्यालाही आहे पण तो शेवाळ खाणारा, दक्षिण अमेरिकेतला. त्याचीही गोष्ट तीच, टँकमधून सुटला आणि उजनीसकट कुठे कुठे पसरलाय, जाळी फाडतो म्हणून मच्छीमार वैतागलेत. पण शिकारी नाही.

शिकार बघायची तर गारची बघा. गंजकर, तुम्ही बघितली असेलच. पाठीचा पर अगदी मागे, शेपटीजवळ, खालचाही तिथेच, म्हंजे सगळं इंजिन मागच्या बाजूला. पाण्यात लाकूड तरंगावं तसा स्थिर राहतो, मासा बाजूला येऊ देतो, आणि मग तोंड समोर नाही मारत, आडवं झटकतो. वरच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी. पकडलेला मासा लगेच गिळत नाही, आडवा धरून ठेवतो, मग हळूहळू फिरवून डोक्याकडून आत.

---

गंजकर

हो हो, अगदी असंच. हल्ली मी बाजारातून छोटे मासे आणून चिमट्याने देतो. (आई त्या वेळी देवघरात जाऊन बसते.) पाच मिनिटं काहीच करत नाही, माझा हात दुखायला लागतो, आणि मग दिसतसुद्धा नाही, फक्त चिमटा हातातून ओढल्यासारखा होतो आणि पाणी फरशीवर.

पण मग मुलाच्या बोटांना धोका आहे का? बायको विचारतेय.

---

गोड्यापाण्यातला

चिमटा सोडू नका म्हंजे झालं. माणसावर हल्ला केल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही, एवढ्या मोठ्या थोबाडाचा प्राणी असून. दोष चेहऱ्याचा आहे. त्या चेहऱ्यामुळेच अमेरिकेत त्याचा छळ झाला, हा बाकीचे चांगले मासे खाऊन टाकतो असं धरून चालले, दिसला की मारायचा. १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये पाण्यात वीज सोडून गार मारायची खास बोट केली होती. नंतर पोटं फाडून नीट बघितलं तर जो मासा तिथे मुबलक असेल तोच मुख्यतः खातो असं निघालं, गळवाल्यांचे लाडके मासे फार थोडे. आता तिथे उलटी गंगा आहे, टेक्सासात २००९ पासून माणशी दिवसाला एकच धरता येतो आणि इलिनॉयमधून नाहीसा झाला होता तर तिथे पिल्लं वाढवून परत सोडतायत.

---

ठोंब्या

मग अमेरिकेत मुद्दाम सोडतात ते पर्यावरण आणि आम्ही सोडला तर गुन्हा?

---

गोड्यापाण्यातला

ते तिथलं बिऱ्हाड आहे म्हणून.

---

बडोदेकरीण

आमच्याकडे विश्वामित्रीत खऱ्या मगरी आहेत, गावाच्या मधोमध, पावसाळ्यात सोसायटीच्या गेटाशी येऊन बसतात, त्यामुळे तुमच्या 'क्रोकोडाइल फिश'चं आम्हाला अप्रूप नाही. पण गंभीरपणे, मगर आमच्या नदीची स्वतःची आहे, नदीला ती आणि तिला नदी माहिती आहे. हा पाहुणा कोणाला माहितीय?

---

मी_माळवी

बडोदेकरीणबाई, पाहुणा म्हणण्याआधी थांबा. आता मी जरा फाटा फोडतो, सॉरी.

गार मासे आपल्याकडे होते. खरंच होते. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव म्हणून आहे, तिथल्या लॅमेटा थरातल्या (डायनासोरांच्या काळातला गाळाचा खडक) माशांच्या जीवाश्मांवर ब्रिटिश म्युझियमच्या वुडवर्डने १९०८ मध्ये लिहिलं, त्यात एक गार आहे, नाव लेपिसॉस्टिअस इंडिकस. त्याच ठिकाणच्या दुसऱ्या एका माशाच्या नावात हिस्लॉप आहे, नागपूरला ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच पाद्री हिस्लॉप, दगड गोळा करायचा त्यांना भारी नाद. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये जी तळ्यातली माती अडकलीय तिच्यातही गारचे ते शंकरपाळे सापडतात, हाडच असल्यामुळे टिकून राहतात. काळ कुठला, तर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनासोरांची शेवटची पंगत. आपला अख्खा माळवा त्याच लाव्हावर बसलाय, गंजकरांच्या घराखालची काळी माती त्याच दगडाची. म्हंजे त्या वेळी इथे कुठे तळं असेल तर त्यात गंजकरांच्या माशाचे चुलत पणजोबा टप् करून हवा पीत असणार आणि काठावर डायनासोर.

मला हे वाचल्यापासून त्या माशाकडे नीट बघवत नाहीये, म्हंजे चांगल्या अर्थाने.

---

ठोंब्या

झालं तर मग, घरवापसी! सोडा सिरपूरला.

---

मी_माळवी

अहो ठोंबे, ६ कोटी ६० लाख वर्षांत घराचे मालक बदलले. तेव्हा भारत बेट होता, हिमालय नव्हता, नर्मदेतला महाशीरही नव्हता. आजोबांनी १९४० साली सोडलेल्या भाड्याच्या खोलीत जाऊन कोणी गादी टाकली तर चालेल का?

---

चंबळ_पार

ग्वाल्हेरहून. मी मुरैन्याला नोकरीला असताना चंबळवर घडियाल खूप बघितले, त्याचंही लांबट तोंड, तोही तोंड आडवं झटकून मासा धरतो. म्हणून काळजी वाटते. यशवंत सागर ज्या गंभीर नदीवर आहे ती पुढे क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत. पावसाळ्यात धरणाची दारं उघडली की तुमचा मासा निघाला प्रवासाला. हा विचार सोडणारा करतच नाही, त्याला तलाव म्हंजे मोठा टँक वाटतो.

अवांतर: आपल्याकडे नदीत एक चोचीचा, बारीक, सुईसारखा मासा असतो, आमच्याकडे कौआ म्हणतात. तो आपलाच आहे. नाहीतर हा धागा वाचून कोणीतरी त्यालाच ठेचायचं.

---

रामबागवाली

पण एकटा मासा काय करणार? पिल्लं व्हायला जोडी लागते ना? विरोध करायचा म्हणून नाही, खरंच विचारतेय.

---

गोड्यापाण्यातला

बरोबर प्रश्न आहे. एकट्याने संसार होत नाही. पण तुमच्या समोरच्या बिल्डिंगवाल्यांनीही हाच विचार केला तर? मादी दहा-अकरा वर्षांची झाली की अंडी द्यायला लागते, आणि अंडी घालायची रीत ऐका: वसंतात-उन्हाळ्यात नदीला पूर आला, पाणी काठच्या गवतात पसरलं, की त्या बुडालेल्या गवतावर चिकट अंडी. पिल्लाच्या नाकावर चिकटायची चकती असते, तिने ते गवताला लटकून राहतं. पूर, कोमट पाणी, बुडालेलं गवत. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टचं वर्णन वाटतंय की नाही? होईलच असं मी म्हणत नाही, पण हा जुगार आपण कशाला खेळायचा.

आणि पाणी घाण आहे म्हणून मरेल अशी आशा नको. त्याची हवेची पिशवी अन्ननलिकेला जोडलेली, आत रक्तवाहिन्यांचं जाळं, फुप्फुसासारखी चालते. उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन संपून बाकीचे मासे उलटे तरंगतात तेव्हा हा वर येऊन टप् करतो. अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेरही दोनेक तास काढतो. खाऱ्या पाण्यातही जातो.

भोपाळच्या बड्या तलावात एप्रिल २०२३ मध्ये मच्छीमारांना दीडएक फुटाचा सापडला, पेपरात फोटो आले होते. पुढच्याच महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात शेवाळ काढताना एक. हे काही मिसिसिपीहून पोहत आले नाहीत. चीनमध्ये २०२२ मध्ये हेनान प्रांतातल्या रूजोऊ शहराच्या बागेतल्या तळ्यात दिसले, तर दोन मासे धरायला महिनाभर पंप लावून तळंच उपसलं, लोक रात्रंदिवस मोबाईलवर लाइव्ह बघत होते. जपानने २०१८ मध्ये अख्ख्या गार कुळावर बंदी घातली. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ मध्ये रामसरच्या (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत आलेत, ते उपसून बघायचे का?

---

सारस्वत_इन_विजयनगर

सगळं वाचलं. मूळ प्रश्नाला कोणीच हात घातला नाही. खाता येतो का?

---

कांदेनवमी

वाटच बघत होते.

---

गोड्यापाण्यातला

येतो :) लुइझियानात गारच्या मांसाचे तळलेले गोळे करतात. मेक्सिकोच्या टबास्को भागात त्याचा भाऊबंद काठीला टोचून अख्खा भाजतात, चिलखतासकट, तेच भांडं. पण कापायचा म्हटलं तर सुरी चालत नाही, पत्रा कापायची कात्री नाहीतर कुऱ्हाड. आणि हे मात्र नीट वाचा: अंडी विषारी. माणूस, कोंबडी, खेकडे, सगळ्यांना. गाबोळी दिसली म्हणून तव्यावर टाकायची नाही. भोपाळला किंवा कुठेही जाळ्यात मिळालेला असला मासा कोणी घरी नेला तर हे त्याला माहीत असायला हवं.

---

सारस्वत_इन_विजयनगर

गाबोळी नाही तर मग काय मजा. रद्द.

---

मी_माळवी

एक अजून राहिलं, मग गप्प बसतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जबडा असलेल्या प्राण्यांचे डीएनए ताडून बघितले, बदलण्याचा वेग सगळ्यात कमी कोणाचा, तर गारचा. इतका कमी की ज्यांचे पूर्वज दहा कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले असे दोन वेगळ्या वंशांतले गार टेक्सासच्या नद्यांमध्ये आजही एकमेकांशी जुळतात आणि त्यांच्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. त्यांची डीएनए दुरुस्ती भलतीच चोख असावी असा कयास आहे. आपल्याकडे दोन गल्ल्या सोडून पत्रिका जुळत नाही.

---

गंजकर

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून आईला वाचून दाखवलं. डोंगरगावचा भाग तिला आवडला, दोनदा वाचायला लावला (तिचं माहेर वरोऱ्याचं, डोंगरगावचं नाव ऐकून एकदम माहेरचा मासा झाला). पण पुण्याचं म्हणाली ते सांगतो: "एकाला मोकळं करून दहांना त्याच्या तोंडी द्यायचं असेल तर ते पुण्य माझ्या नावावर नको." विषय संपला.

पण प्रश्न तसाच आहे. दुकानात गेलो परत द्यायला, म्हणाला "इतना बड़ा कौन लेगा भैया", आणि त्याच वेळी मागच्या टँकमध्ये बोटभराची वीसेक पिल्लं फिरत होती, पाठीवर पट्टा. एका सरकारी ठिकाणीही विचारून आलो, तिथे अर्ज घेतला आणि हसले. मारून टाका असं एक-दोघांनी व्यनित (खाजगी निरोपात) सुचवलंय, लवंगाच्या तेलात झोपवून करतात म्हणे, वेदना होत नाहीत. बरोबर असेलही, पण मुलाने त्याचं नाव बाजीराव ठेवलंय. कसं करू?

---

चंबळ_पार

शेतावर सिमेंटचा हौद असलेला कोणी नातेवाईक नाही का? जमिनीच्या वर बांधलेला, नाल्याला न जोडलेला.

---

गंजकर *(तीन आठवड्यांनी)*

अपडेट. महूच्या पुढे साडूभाऊंच्या शेतावर जुना हौद आहे, पंधरा बाय दहा, कमरेपेक्षा वर पाणी, काठ जमिनीपासून चार फूट उंच. आत शेवाळ आणि दोन बेडूक. त्यावर लोखंडी जाळी बसवून घेतली, पाणी जायच्या पाइपाला पण, साडू म्हणाले जाळीचे पैसे तू दे, दिले.

नेतानाचं सांगतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून चिरंजीवांच्या लहानपणच्या बाथटबमध्ये ठेवला, थोडं पाणी, गाडीच्या मागच्या सीटवर, वरून अजून एक ओलं पोतं. गुंडाळताना पहिल्यांदा नीट हात लागला. मला बुळबुळीत असेल असं वाटलं होतं. तसं नव्हतं, ओल्या कवड्यांची माळ मुठीत धरल्यासारखं, कडक आणि गार (हो, तोही गार). एकदा शेपटी मारली तर माझ्या मनगटावर ओरखडा उमटला, नख लागल्यासारखा. रस्ताभर मागून टप् टप् येत होतं, राऊच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून बघितलं.

हौदात सोडला तर पाच मिनिटं हललाच नाही. मग एकदम सरळ गेला, पंधरा फूट, न वळता. मुलगा टाळ्या वाजवत होता. बेडकांचं विचारू नका.

आई म्हणते आता रात्री सामसूम वाटते.

---

कांदेनवमी

बाजीरावांना पंधरा फुटी मैदान मिळालं, छान वाटलं. मांजरीची माफी मागितलीत का?

---

गोड्यापाण्यातला

उत्तम केलंत. जाळी दरवर्षी पावसाळ्याआधी तपासा, आणि साडूभाऊंच्या मुलांनाही सांगून ठेवा, कारण हा मासा तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त दिवस राहू शकतो. काही वर्षांनी हौदही पुरणार नाही, तेव्हा परत धागा काढा.

---

रामबागवाली

समोरच्यांना लिंक पाठवली. ते विचारतायत साडूभाऊंच्या हौदात अजून एकाची जागा आहे का. (जोडी झाली तर, असा विचार मनात आलाच, म्हणून मीच नाही सांगितलं.)

---

ठोंब्या

गंजकर, तो चार फुटी टँक आता रिकामा असेल ना? द्यायचा असेल तर मी राजेंद्रनगरला आहे, रविवारी येऊन घेऊन जातो.

---

गंजकर

देतो की. पण आधी सांगा, त्यात टाकणार काय?